मागच्या खोलीतली ऊब

आपण कंजूष नाही, असं मर्डिना मॅकॲस्किल छातीठोकपणे सांगायची. लुईस बेटावरच्या तिच्या गावात मात्र ते कुणाला पटत नसे. तिच्या घरात विटांचे हीटर होते. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा आतल्या विटा तापवून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची ऊब पुरवून पुरवून वापरायची. उद्या किती थंडी पडेल हे आज झोपतानाच ठरवायचं, आणि मर्डिना दर वेळी कमीच ठरवायची. मागच्या खोलीतला हीटर तर तिने पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता. पाहुणे कुणी यायचे नाहीत.

तिचा नवरा टॉर्किल जेवतानासुद्धा टोपी घालून बसायचा.

"अगं, आज तरी बटण जरा पुढे सरकव."

"आणखी एक स्वेटर चढव. मेंढ्या कुठे कुरकुरतात?"

"मेंढ्यांना तुझ्याशी संसार नाही करावा लागत!"

मग दोघंही हसायची, आणि बटण होतं तिथेच राहायचं.

त्या हिवाळ्यात टॉर्किलच्या छातीत कफ भरला आणि त्याला स्टॉर्नोवेच्या इस्पितळात ठेवावं लागलं. "उद्या घरी पाठवतो," असा निरोप आला, तेव्हा मर्डिनाने मागच्या खोलीत त्याचा बिछाना घातला आणि हीटरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच. सकाळी खोलीत गेली, तर तिला अंगातलं लोकरी जाकीट काढावं लागलं.

"आता कुरकुर म्हणावं," ती पुटपुटली. तेवढ्यात फोन वाजला. टॉर्किल पहाटेच गेला होता.

दुपारी त्याला शवपेटीतून घरी आणलं. मातीला नेईपर्यंत माणसाला आपल्याच घरात ठेवायचं, ही बेटावरची रीत. पेटी मावेल अशी खोली ती एकच. शेजारीण डॉलिना दारातच थबकली.

"अगं बाई, इथे तर भट्टी लागलीय! मयताची खोली गार हवी. बंद कर तो हीटर."

"बंदच आहे गं. पण विटा रात्रभर तापल्यात. त्या संध्याकाळपर्यंत काही निवायच्या नाहीत."

"मग खिडक्या उघडते."

"थांब ना जरा. एवढी ऊब त्याला कधी मिळाली नाही, डॉलिना. मीच मिळू दिली नाही."

डॉलिनाला भडभडून आलं. ती तिथेच उभी राहिली. मर्डिनाने पेटीशेजारी खुर्ची ओढली आणि टॉर्किलच्या कपाळावर हात ठेवला. एवढ्या तापलेल्या खोलीत ते कपाळ गारच होतं. बराच वेळ तिने हात तसाच ठेवला. मग ती उठली आणि स्वतःच्या हाताने खिडक्या सताड उघडल्या.