तात्यांसाठी पाव

पाव द्या म्हणायला काय जातं! बारामतीच्या डॉक्टरांनी ते हात धुता धुता सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पाव कुठून आणायचा, कोणाच्या हातचा, आणि आणला तर माणूस खाईल का, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर कंपाउंडरनं औषधाची बाटली माझ्या हातात कोंबून मला बाहेर काढलं होतं.

पेशंट म्हणजे माझे सासरे. लासुर्ण्याला त्यांची उसाची शेती. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून आम्हीही तात्याच. जन्मभर ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांवर वाढलेला माणूस, पंचावन्न-छप्पन सालच्या हिवाळ्यात पोटात व्रण होऊन आडवा झाला. आमचे हे बारामतीला कालव्याच्या ऑफिसात कारकून होते, म्हणून तात्यांना आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात आणलं. सोबत सासूबाई. डॉक्टरांनी भाकरी बंद केली, चपाती बंद केली, तिखट तर बंदच. भात उलटून पडायचा. उरलं दूध आणि दुधात भिजवलेला पाव. ह्यांना बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले होते, "पोटात काही टिकलं तरच आशा आहे. नुसत्या दुधावर हे महिनाभर काढणार नाहीत." हे मला ते सांगताना रडले. म्हणजे प्रश्न पावाचा नव्हताच, तात्यांचा होता.

ह्यांनी त्याच दिवशी बेकरीतून पाव आणला. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ते लोक पीठ पायानं तुडवत्यात," ते म्हणाले. "आन् फुगाया ताडी घालत्यात. गळ्यात माळ हाय माझ्या. आता मरताना ताडी पोटात घालू व्हय?"

"अहो तात्या, दारूबंदी आहे. ताडी मिळतीय कुठं?" हे म्हणाले.

"मग फुगतुय कशानं?"

ह्यांनी पाव परत कागदात गुंडाळला. तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आणि मी, जिला कोणी काही विचारलं नव्हतं ती मी, दारात उभी राहून म्हणाले, "मी घरी करते पाव. माझ्या हातचा खाल का?" तात्या "बघू" म्हणाले. मी इंदापूरच्या मास्तरांची मुलगी, सातवी पास. जगात जे काही करता येतं ते कोणाला तरी विचारून, वहीत लिहून घेऊन करता येतं, असा माझा ठाम समज होता. तो समज कोणी वेळीच काढला असता तर बरं झालं असतं.

पहिली गाठ पडली ती शेजारच्या ओव्हरसियरबाईंशी. त्या पुण्याच्या. तिथं म्हणे मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून पाव शिकल्या होत्या आणि महिन्यातून एकदा हौस म्हणून करायच्या. त्यांची वही होती, वहीला कव्हर होतं. त्यांनी सांगितलं, उकडलेला बटाटा कुस्कर, साखर घाल, कोमट पाण्यात तीन दिवस झाकून ठेव, झालं खमीर. मग पीठ भिजव, फुगू दे, कल्हईच्या पातेल्यात वाळू तापवून वर डबा ठेव, झाकणावर निखारे. मी सगळं लिहून घेतलं. मैदा कोण देतंय! घरचेच गहू दळून आणून पातळ फडक्यातून पीठ वस्त्रगाळ केलं. दंड भरून आले. बटाट्याचं पाणी तिसऱ्या दिवशी असं वास मारायला लागलं की ह्यांनी ऑफिसात जायच्या आधी बरणी स्वतः बाहेर नेऊन ठेवली. तरी मी पाव केला. निघाला तो दगड. त्यानं भिंतीत खुंटी ठोकता आली असती.

"तुमचा हात जड असेल," ओव्हरसियरबाई म्हणाल्या. वर म्हणाल्या, "माझा नाही कधी बिघडत."

दुसरे गुरू कन्हेरीचे फौजी. लढाईत मिसरपर्यंत, म्हणजे पार इजिप्तपर्यंत जाऊन आलेले. पलटणीच्या मेसमध्ये पाव भाजायला शिकले आणि आता कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला मातीची भट्टी बांधून स्वतःपुरता पाव भाजायचे. गावात लोक हसायचे, त्यांना त्याची फिकीर नव्हती. ह्यांची आणि त्यांची पाणीपाळीच्या अर्जावरून ओळख. सायकलवर टांग टाकून फौजी आमच्याकडं आले, माझा दगड हातात घेऊन उलटसुलट केला, बोटानं वाजवला आणि म्हणाले, "बटाटा? कुणी सांगितलं? ही काय पावाची रीत हाय?"

पलीकडच्या दारात ओव्हरसियरबाई उभ्या होत्या. तेव्हापासून त्या दोघांचं जे जुंपलं ते मी मधल्यामध्ये भोगलं. बाई म्हणायच्या, पीठ हलक्या हातानं मळा. फौजी म्हणायचे, आपटा, धोब्यानं कपडा आपटावा तसं. बाई म्हणायच्या, मीठ शेवटी. फौजी म्हणायचे, आधी. बाई ओलं फडकं सांगायच्या, फौजी कोरडी घोंगडी. मी एक दिवस बाईंचं केलं, एक दिवस फौजींचं, आणि तिसऱ्या दिवशी डोकं फिरून दोघांचं मिळून. आतापर्यंत कॉलनीतली दोन कुत्री माझ्या पावाला ओळखून लांबून जायला लागली होती. आणि आत तात्या रोज वाटीभर दूध घेऊन त्यातलं निम्मं परत करत होते. त्यांचं मनगट माझ्या मनगटाएवढं झालं होतं. मला त्या दोघांचाही इतका राग यायचा! तुमची हौस आहे हो, बिघडला पाव तर म्हशीला घालाल. माझ्या घरात माणूस उपाशी आहे.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं, तेही एकमेकांकडं न बघता. ताजं खमीर पहिल्या दिवशी कच्चं असतं, म्हणून रोजच्या पिठातला एक गोळा काढून झाकून ठेवायचा, तो दुसऱ्या दिवशीच्या पिठात मिसळायचा, त्यातला पुन्हा एक काढायचा. असं चार-सहा दिवस चाललं की पीठ आपोआप उचलून येतं. फौजी म्हणाले, "आमच्या पलटणीनं असा गोळा डब्यात घालून बोटीवर नेलावता." हे मला पटलं. दह्याचं विरजण असंच तर असतं. मी रोज संध्याकाळी पेरूएवढा गोळा करून वाडग्यात झाकून फडताळात ठेवायला लागले. एक दिवस झाला, चार झाले, दहा झाले. पाव फुगायचं नाव नाही. गोळा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा, गुळगुळीत, शहाण्यासारखा बसलेला.

बाई म्हणाल्या, थंडीमुळं. फौजींनी मात्र वाडगं नाकाशी धरलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पंचनाम्यातला चोर. म्हणाले, "बाई, हे आजच मळल्यालं पीठ हाय. कालचं न्हाय. मला फसवून काय मिळतंय तुमाला?"

मी फसवते! मी, जी दहा दिवस त्या गोळ्याला पोटच्या पोरासारखी जपत होते! मी तोंडाला येईल ते बोलले. पलटणीत पाव भाजला म्हणजे अक्कल आली असं नाही, हेसुद्धा बोलले. फौजी टोपी डोक्यावर घालून निघून गेले. सासूबाई चुलीशी बसून ऐकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन गिरणीवर गेले, तर गिरणीचा पट्टा तुटलेला. तशीच परत आले. मागच्या दाराशी कोणाची तरी गाय उभी होती आणि सासूबाई तिला माझा गोळा भरवत होत्या. शेजारी परातीत नवं पीठ मळून ठेवलं होतं, बरोबर तेवढाच गोळा, पेरूएवढा.

माझ्या हातातला डबाच खाली आदळला. "आत्याबाई! रोज? रोज तुम्ही हे करताय?"

त्या दचकल्या, पण गाईच्या तोंडाखालचा हात काढला नाही. "वरडू नगंस. आत त्यास्नी डुलकी लागलीय."

"तिकडं मी फौजींना नाही नाही ते बोलले! तात्यांच्या तोंडात अन्न नाही आणि तुम्ही..."

मग त्यांनी पदरानं हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घरात माणूस असं निजलंय. आन् तू रोज पिठाचा गोळा वळून झाकून ठिवतीस. रातभर. असा गोळा कुठं ठिवत्यात, ठावं न्हाय तुला? दहाव्याला ठिवत्यात. वरची माणसं बघत्यात. म्हंत्यात, हितं आमच्यासाठी पिंड मांडलाय, चला, आन् आलोच हाय तर ह्यालाबी संगं घिऊन जाऊ." त्यांनी गाईच्या मानेवरून हात फिरवला. "गाईला घातला म्हंजी दोष जातुय. म्हनून घालती."

मळलेलं पीठ रात्रभर ठेवू नये हे माझी आईसुद्धा म्हणायची. मी ते अडाणीपणात जमा केलं होतं आणि विसरले होते. दहा दिवस माझी पाठ वळली की ही बाई नवऱ्याला वाचवायला गोळे बदलत होती, आणि मी त्याच नवऱ्याला वाचवायला ते वळत होते. कोणावर चिडावं तेच कळेना. मी म्हणाले, "मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर आयकलं असतंस? तुला वहीतलंच खरं वाटतंय."

मी ऐकलं नसतंच. मी खाली बसले आणि सांडलेले गहू वेचायला लागले. थोड्या वेळानं त्याही वेचायला बसल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "त्या गोळ्यात काय आसतंय गं?"

"आंबवायचं असतं ते पीठ. म्हणजे फुगतं."

"आंबवायचंच हाय नव्हं? मग गोळा कशाला पायजे? पातळ ठिव की. आंबलीला कोन गोळा वळतंय?"

दर उन्हाळ्यात ही बाई कुरडयांचे गहू तीन-तीन दिवस भिजवून आंबवायची, पाणी कधी बदलायचं ते नुसत्या वासावर ओळखायची. तिच्या हातची आंबील कधी बिघडलेली कोणी पाहिली नव्हती. आणि मी मिसरला जाऊन आलेल्या माणसाच्या पाया पडत होते, पुण्याच्या वहीला कव्हर आहे म्हणून मान डोलवत होते. चुलीपाशी बसलेल्या बाईला एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःच्या कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटली.

सासूबाईंनी त्याच दुपारी मडकं घेतलं. पीठ, कोमट पाणी, आंबलीच्या मडक्यातलं तळाचं चमचाभर. पळीनं ओघळेल इतकं पातळ. चुलीमागच्या उबदार कट्ट्यावर, भानोशीवर ठेवलं, पण जाळाच्या फार जवळ नाही. रोज त्यातलं थोडं काढून गाईला घालायच्या, तेवढंच पीठ-पाणी परत वाढायच्या. गाईचं त्यांनी काही सोडलं नाही आणि मीही वाद घातला नाही. चौथ्या दिवशी मडक्यावर बुडबुडे आले. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "आता घाल."

मी फौजींकडं निरोप धाडून माफी मागितली. ते आले. ओव्हरसियरबाईही आल्या. पातेलं बाईंचं, वाळू बाईंची, मळणं फौजींच्या सांगण्यावरून. मीठ मात्र मी या दोघांच्या भांडणात विसरले ते विसरलेच. झाकण काढलं तर पाव डब्याच्या काठावर आला होता. बाई म्हणाल्या, "मी पहिल्यापासून पातळच सांगत होते." फौजी म्हणाले, "मिसरमधी आमी पातळच ठिवायचो." मी दोघांना चहा दिला.

पाव गार झाल्यावर दोन काप दुधात भिजवून सासूबाई आत घेऊन गेल्या. मागोमाग आम्ही सगळे दाराशी. तात्यांनी विचारलं, "कुनी केला?"

"सूनबाईनं," त्या म्हणाल्या.

त्यांनी एक घास घेतला. खूप वेळ चघळला. गिळला. आम्ही वाट बघत होतो, उलटून पडतो का. नाही पडला. दुसरा घास घेतला. सगळी वाटी संपवली, बोटानं पुसून घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ न्हाय ह्यात," ते म्हणाले. "असलं आळणी मानसाला घालत्यात व्हय?"

तीन आठवडे पीठ गाळून माझ्या दंडांना सूज आली होती. जगाशी भांडले होते. आणि हा माणूस म्हणतो मीठ नाही! संतापानं माझं डोकं फुटायला आलं. पण सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला. त्या ताडीच्या वादानंतर आजवर तात्या "नको" याखेरीज एक शब्द बोलले नव्हते. बरे असताना जेवणाला नाव ठेवल्याशिवाय ते पानावरून उठायचे नाहीत, हे त्या चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या.

"उद्याच्याला घालतुया की मीठ," सासूबाई म्हणाल्या.

"घाला," तात्या म्हणाले. "आन् काप जरा मोठं करा."