पांढऱ्या रेघेचा तुराको

सिंगापुरात बसून आफ्रिकेतल्या एका पक्ष्याच्या घरगुती भानगडीत नाक खुपसणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बँकेत उभी हयात काढलेल्या मामांनी आफ्रिका कधी पाहिली नव्हती. पण तिथल्या रानातला हिरवागार, तुरेवाला तुराको त्यांनी असा काही मनावर घेतला होता, की बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुण्याला चहाआधी त्याच्या उपप्रजाती ऐकाव्या लागत. एकीच्या डोळ्याखाली पांढरी रेघ असते, दुसरीच्या नसते. पूर्वी याच तुराकोत मोडणारे काही भाऊबंद पुस्तकवाल्यांनी पुढे स्वतंत्र प्रजाती ठरवले, हे कळलं तेव्हा घरात वाटण्या झाल्यासारखे मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. "रंगावर काय जाता? आवाज ऐका!" हा त्यांचा स्वतःचा कायदा. पिसं वेगळी पण आवाज तोच, तर उपप्रजाती. आवाजही बदलला, की नातं संपलं.

पक्ष्यांची कार्डं एका बिस्किटाच्या डब्यात असत. त्याच डब्यात नातेवाइकांचीही होती. माझ्या कार्डावर 'पुणेरी. चिवड्यात फक्त खोबरं शोधतो' अशी नोंद होती, आणि ती त्यांनी मलाच कौतुकाने वाचून दाखवली होती.

मग यिशुनला राहणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एक मुलीने सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं, भारताचा पासपोर्ट परत केला. मामा चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे डबा काढला आणि तिच्यादेखत तिच्या कार्डावर शाईने लिहिलं, 'स्वतंत्र प्रजाती'. ती डोळे पुसत एमआरटीच्या स्टेशनकडे चालू लागली.

"मामा, हे अति झालं," मी म्हणालो.

"शास्त्र आहे, जावईबापू," असं म्हणून ते उगाच चष्मा पुसत बसले.

ती पुन्हा त्या घरी आली नाही. पण रोज संध्याकाळी सातला तिचा फोन मात्र यायचा. "बाबा, जेवलात का?" मामा "हो" म्हणायचे आणि ठेवायचे. तीन वर्षं एवढंच बोलणं.

मामा गेले, तेव्हा फ्लॅट आवरायला त्यांची मुलगी आणि मी गेलो. डबा उघडायचा तिला धीर होईना, म्हणून तिचं कार्ड मीच काढलं. 'स्वतंत्र प्रजाती' खोडून पेन्सिलीने 'उपप्रजाती' केलं होतं. खाली आवाजाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तोच. रोज सातला.' मी कार्ड तिच्या हातात दिलं.

तिने ते वाचून पर्समध्ये ठेवलं. आवरता आवरता सात वाजले, आणि सवयीने तिचा हात फोनकडे गेला.