हळदीच्या गिरणीतली खंडेनवमी

बेसनाच्या ढिगाला काडी लावली तर तो पेटेल का? सांगा. मी 'हो' म्हणाले होते, आणि नुसतं म्हणून थांबले नव्हते. न्यू जर्सीतल्या एका पार्किंग लॉटमध्ये, डझनभर माणसांसमोर, परातीत बेसनाचा ढीग करून त्याला काडी लावून दाखवली होती. ढीग पेटला नाही. वरचा थर काळवंडला, भजी करपल्यासारखा वास आला आणि काडी विझली.

"झालं?" काका म्हणाले. "का अजून एक काडी देऊ?"

सगळे हसले. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती, ती सत्कारणी लागली असं त्यांना वाटलं.

हे काका माझ्या वडिलांच्या मित्राचे मित्र. अमेरिकेत काका म्हणायला एवढं नातं पुरतं. मूळचे नागपूरचे, राहायला वेस्ट विंडसरला. घरापासून पंधरा मिनिटांवर त्यांचा मसाला दळायचा कारखाना होता. हळद, तिखट, धणे, बेसन. काका गिरणी बघायचे आणि काकू पॅकिंग. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला होते आणि कोर्सचा भाग म्हणून आठवड्यातले काही दिवस त्यांच्याकडे काम करायचे. पॅकिंगच्या लाइनमध्ये वेळ कुठे वाया जातो ते शोधायचं, एवढंच माझं काम. ही गोष्ट दोन हजार चारच्या आसपासची.

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त असायची. वडील कामगारांच्या सुरक्षेची लिहायचे, आई दारूबंदीची, आत्या अंधश्रद्धेविरुद्धची. मी आणि माझी बहीण त्यांच्या घड्या घालायचो. अन्याय दिसला की आधी कागद शोधायचा, हे माझ्या अंगात तिथूनच आलं. त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कारखान्यातल्या धुळीच्या स्फोटांवरचं एक पत्रक हाती लागलं, तेव्हा मी ते जागच्या जागी दोनदा वाचून काढलं. पीठ, साखर, मसाले, लाकडाचा भुसा, काही धातूंची पूड, हे सगळं बारीक होऊन हवेत उडालं की स्फोट होऊ शकतो. वाचता वाचता डोळ्यांसमोर काकांची गिरणी आली.

त्याच आठवड्यात काकांनी जाहीर केलं की येत्या शनिवारी खंडेनवमी. तिथी कोणतीही असो, अमेरिकेत सगळे सण शनिवारीच येतात. नऊ वाजता कॉम्प्रेसरच्या पाइपनं हवा मारून तुळया आणि मशिनं स्वच्छ करायची. अकरा वाजता दळणाच्या मोठ्या मशिनसमोर निरांजन, कापूर, आरती. आरतीचं तबक काकूंच्या हातात. ओळखीची दहा-बारा कुटुंबं मुलाबाळांसकट येणार.

म्हणजे नऊ वाजता तुळयांवरची सगळी धूळ हवेत उडवायची आणि अकरा वाजता तिच्यात कापूर पेटवायचा.

मी त्या रात्री चार पानी पत्रक लिहिलं आणि सकाळी काकांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं. "छान लिहितेस. मंडळाच्या दिवाळी अंकाला दे."

"काका, हे अंकासाठी नाही. शनिवारी तुम्ही दिवा लावू नका, म्हणून आहे."

"काहून? माझ्याकडे गॅस आहे? केमिकल आहे? हळद आहे, बाप्पा. हळद काय बॉम्ब आहे का? अन् माझी जमीन बघ. इथं पान मांडून जेवता येईल."

ते खरं होतं. काकांची जमीन आरशासारखी असायची. म्हणून मग मी पार्किंग लॉटमधला तो प्रयोग केला, आणि माझी बाजू माझ्याच हातानं बुडवली. ढिगाच्या पोटात हवा नसते, म्हणून ढीग नुसता करपतो. तेच बेसन हवेत उडालं की कणाकणाभोवती हवा असते आणि सगळे कण जवळजवळ एकदम पेटतात. बंद खोलीत त्या आगीला फुगायला जागा नसते, मग ती भिंती ढकलते. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण उडालेलं पीठ पेटवून दाखवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, तो मी करणार नव्हते, आणि कुणीच कधी करू नये. म्हणून ढिगावर भागवायला गेले. पुढचे दोन दिवस पॅकिंगमधल्या बायका मला बघितलं की "काडी आहे का गं?" असं विचारायच्या.

बुधवारी संध्याकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात होते. त्या श्रीखंडासाठी चक्का बांधत होत्या आणि मी भाषण देत होते. यंत्राची पूजा कशाला, अमेरिकेत येऊनही आपण कापूर कसले जाळतो, मी शनिवारी येणार नाही, माझा निषेध आहे. सगळं म्हणून झालं. काकूंनी फडक्याला गाठ मारली.

"येऊ नकोस. पण तबक मी धरणार आहे, हे लक्षात ठेव. स्फोट झालाच तर पहिली मी."

"म्हणून तर सांगतेय ना, काकू."

"नाही, तू दुसरंच काहीतरी सांगतेयस. तुझा राग दिव्यावर आहे की धुळीवर?"

"दोन्हींवर."

"दिवा वर्षातून एकदा लागतो, पाच मिनिटं. धूळ रोज असते. मशिनच्या मोटारी रोज चालतात. पट्टे रोज घासतात. धण्यात कधी खिळा येतो, तो आत जाऊन ठिणगी उडते, तो खिळा आपटताना मी स्वतः ऐकलाय, ठण् करून. तुझं हे सगळं खरं असेल तर मी रोज तबक घेऊन उभी आहे. आणि तू भांडतेयस कापराशी."

मी मनातल्या मनात पत्रक उलटून पाहिलं. माझ्या चार पानांत पूजेवर अडीच पानं होती आणि धुळीवर दीड. आत्याचा लेख मी वडिलांच्या पत्रकात घुसवला होता. काकूंनी दही लागलेल्या हातानंच मला वाटीभर चिवडा दिला आणि म्हणाल्या, "उद्या शिडी लावू. बघू तरी वर काय आहे."

गुरुवारी दुपारी मशिनं थांबल्यावर आम्ही शेजारीशेजारी दोन शिड्या लावल्या. धरायला मशिनचा ऑपरेटर होता. मेक्सिकोहून आलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं वर बोट दाखवून सांगितलं, "फ्लोअर, एव्हरी डे. अप, नेव्हर." मग दुरुस्ती केली, "वन्स अ इयर. विथ एअर."

मी वर गेले. खालून स्वच्छ दिसणाऱ्या तुळईच्या पाठीवर बोटाच्या पेरापर्यंत धूळ होती. वरून पिवळी, तिच्याखाली तांबूस, त्याखाली पुन्हा पिवळी. विजेच्या तारांच्या पन्हाळीत, हवेच्या नळांवर, दिव्यांच्या टोप्यांवर, सगळीकडे तेच. पत्रकात लिहिलं होतं की कागदाला लावायच्या क्लिपची तार जेवढी जाड, तेवढा थर खोलीभर पसरला तरी धोक्याला पुरतो. इथे तर पेरभर होता.

"काका, जरा वर या."

"काय करू येऊन?"

"तुमची जमीन किती स्वच्छ आहे ते वरून बघा."

काका चढले. ते वर पोचेपर्यंत मी शेजारच्या दुसऱ्या शिडीवर सरकले होते. त्यांनी तुळईवर हात ठेवला आणि मनगटापर्यंत पिवळा झालेला हात उलटसुलट करून बघितला. माझ्या स्फोटाच्या गोष्टींना ते कधीच घाबरले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांना लाज वाटली. ज्या माणसाच्या जमिनीवर पान मांडता येतं, त्याच्या डोक्यावर हे.

आणि शिडीवर चढलेल्या माणसाला मध्येच निघून जाता येत नाही. मी सगळं सांगितलं, यावेळी फक्त धुळीचं. पहिला दणका बहुतेक छोटा असतो, एखाद्या मशिनच्या आत. पण त्या हादऱ्यानं तुळयांवरची धूळ खाली येते, हवेत उडते आणि ती पेटते. दुसरा दणका तिचा. माणसं बहुतेक त्या दुसऱ्यात जातात.

काका खाली बघत होते. खाली काकू दोन्ही शिड्यांच्या मध्ये उभ्या होत्या, वर तोंड करून.

"अहो, उतरा आता," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतील."

काका उतरले आणि त्यांनी कॉम्प्रेसरचा पाइप स्वतः गुंडाळून ऑफिसात नेऊन ठेवला. "शुक्रवारी दळण बंद," म्हणाले. "साफसफाई."

मी लगेच काकूंच्या घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणायला निघाले होते. नशीब, आधी मशिनं भाड्यानं देणाऱ्या दुकानात फोन केला. तिथल्या माणसानं विचारलं, कसली धूळ? हळद म्हटल्यावर तो म्हणाला की घरच्या व्हॅक्यूमच्या मोटारीतच ठिणग्या असतात, तो बारीक धुळीत चालवणं म्हणजे काडी घेऊन फिरणं. अशा धुळीसाठी वेगळा व्हॅक्यूम मिळतो, त्याची मोटार धुळीपासून लांब ठेवलेली असते आणि नळीत स्थिर वीज साठत नाही. तो आणला. आठवडाभरात मी दुसऱ्यांदा काडी लावता लावता राहिले, हे मी पॅकिंगच्या बायकांना सांगितलं नाही.

शुक्रवारी दिवसभर ऑपरेटर आणि काका वर, आम्ही खाली. हळूहळू, धूळ न उडवता, एकेक तुळई. संध्याकाळपर्यंत निम्मंच झालं. शनिवारी लोक येणार होते.

"पूजा कॅन्सल करतो," काका म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दहा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

काकू म्हणाल्या, "पूजा हत्याराची असते ना? मग हत्यार बाहेर आणा."

ऑपरेटरला ते समजावायला वेळ लागला. पण एकदा कळल्यावर त्यानं दळणाच्या मशिनमधले चार लोखंडी हातोडे, जे आत गरगर फिरून हळकुंडं फोडतात, ते सोडवले, पुसले आणि टॉवेलात गुंडाळून बाहेर आणले. लहान बाळ आणावं तसे. गिरणीपासून लांब, पार्किंग लॉटच्या पलीकडच्या टोकाला पाट मांडला. आत मशिनला नुसता झेंडूचा हार.

शनिवारी गाड्या आल्या. आयटीतल्या मंडळींनी आपापले लॅपटॉप आणले होते, तेही पाटावर हातोड्यांशेजारी मांडले. एका काकांनी ऑफिसचा पेजरही ठेवला आणि "हा वाजला तर आरती थांबवायची," असं बजावलं. वारा असा होता की निरांजन तीनदा विझलं. चौथ्यांदा चार जणांनी ओढण्यांचा आडोसा केला. पाच वर्षांची एक मुलगी सारखी विचारत होती, "कॅन आय प्रेस द ग्रीन बटन?" तिला सांगितलं की आज बटणांना सुट्टी आहे. शेजारच्या युनिटचा ट्रक ड्रायव्हर आवाज ऐकून आला, टोपी काढून शेवटपर्यंत उभा राहिला आणि त्याला श्रीखंडाच्या दोन वाट्या मिळाल्या.

मीही टाळ्या वाजवल्या. निषेध तहकूब केला. तबक धरलेल्या काकूंच्या मागे मोकळं आभाळ होतं, आणि त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं.

राहिलेली सफाई सोमवारी संपली. पुढे काकांनी दर महिन्याचा एक दिवस त्यासाठी ठेवला. धणे आत जाण्याआधी खिळे पकडणारं लोहचुंबक बसवलं. जिथून धूळ गळायची ते सांधे बंद केले, आणि धूळ ओढणारी यंत्रणा जाणकाराला बोलावून तपासून घेतली. आलेल्या पाहुण्याला ते पूर्वी जमीन दाखवायचे, आता मान वर करायला लावायचे.

त्या हिवाळ्यात एके सकाळी मोठ्या मशिनचं एक बेअरिंग तापून धुमसलं. ऑपरेटरनं मशिन बंद केलं, लांब उभा राहिला, बाकीच्यांना बाहेर काढलं. थोड्या वेळानं ते गार झालं. आजूबाजूला पेटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून काही पेटलं नाही. काकू तेव्हा त्या मशिनपासून हाकेच्या अंतरावर धण्याची पोती मोजत होत्या. मला हे चहाच्या वेळी कळलं, तेही बेअरिंग कुठल्या कंपनीचं घ्यावं या चर्चेत.

आमच्या पत्रकांची अडचण हीच आहे. जे घडलं नाही त्याचा फोटो छापता येत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या ओळखीत कुणाची पिठाची, मसाल्याची, साखरेची किंवा लाकडाची गिरणी असेल, किंवा तुम्ही स्वतः तिथे कामाला असाल, तर या आठवड्यात एक प्रश्न विचारा: वरची धूळ शेवटची कधी काढली, आणि कशानं? "हवा मारून" असं उत्तर आलं तर वाद घालू नका, काडी तर मुळीच लावू नका. मशिनं थांबवायला सांगा, आणि गिरणीवाले मान वर करून बघेपर्यंत तिथून हलू नका.