फळ्यावर न लिवलेलं एक वाक्य

हे आजवर माझ्या तोंडातनं भाईर पडलेलं न्हाय. बायकोला न्हाय, तालमीतल्या दोस्तांनाबी न्हाय. तुम्हाला सांगतोय, पण एक ध्यानात ठेवा — ऐकून झाल्यावर "जाऊ द्या हो पेंटर, चुकतं माणसाचं" असलं काय बोलायचं न्हाय. मला चालायचं न्हाय ते.

आमच्या पेठेत तालमीच्या दारात फळा हाय. कोण वारलं, पाणी कधी येणार, कुस्त्या कुठं हायत — सगळं त्यावर. मी दुकानाच्या पाट्या रंगवतो, अक्षर झ्याक हाय, म्हणून रोज सकाळी फळा मीच लिवतो. आणि आमच्यात फळ्यावर आलं की ते खरं. माणसं वाद घालता घालता फळ्याकडं बोट दाखवायची आणि गप्प व्हायची. त्याचा मला माज होता. होता की! कशाला लपवू?

दोन पावसाळ्यांमागं पेठेत तापाची साथ आली. घरटी एक तरी आडवा. संध्याकाळी केबलच्या चॅनेलवर चर्चा लागली — चार चौकटीत चार तोंडं, आणि निवेदक सगळ्यांवर वरडतोय. तो म्हणाला, हा ताप चौकात धार काढून विकतात त्या कच्च्या दुधानं पसरतोय. आणि मग — हे मी नीट ऐकलंय, कान शाबूत हायत माझं — म्हणाला, "पुरावा माझ्याकडे नाही, हे माझं मत आहे."

सकाळी मी पहिलं वाक्य फळ्यावर लिवलं. दुसरं न्हाय.

जागा न्हवती म्हणू? चांगली दोन ओळींची जागा होती. मग का? अवो, "मत" म्हणून लिवलं असतं तर कोण थांबलं असतं? लाल खडूनं ठसठशीत लिवलं आणि गाड्या थांबायला लागल्या. बरं वाटलं मला. लई बरं वाटलं.

चौकाच्या कोपऱ्यावर सिद्धाप्पाआण्णा रोज संध्याकाळी म्हशी घेऊन यायचे. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता ग्लास हातात द्यायचा. त्या संध्याकाळी एकबी गिऱ्हाईक आलं न्हाय. तालमीतली पैलवान पोरंसुद्धा पलीकडनं गेली. तिसऱ्या दिवशी आण्णा स्वतः माझ्याकडं आले.

"पेंटर, मला वाचता येत न्हाय. टीव्हीत नक्की तसंच सांगितलं व्हय?"

भोवती दहा माणसं उभी. खरं बोलायला काय लागत होतं? काय न्हाय! पण माझा फळा खोटा पडला असता — आणि ते मला सोसणार न्हवतं. मी म्हणालो, "व्हय आण्णा. तसंच."

पुढं तपासणीत ताप डासांचा निघाला. तेबी मी फळ्यावर लिवलं. डासांचं लिवलं, दुधाचं नाव काढलं न्हाय. तोवर आण्णांनी म्हशी राधानगरीकडच्या पावण्याला देऊन टाकल्या होत्या आणि ते घरात बसून होते.

आणि निवेदक? तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच विषयावर वरडत होता. त्याला शिव्या घालणारे चौकात रोज भेटतात. घाला की, खुशाल घाला! मी घालत न्हाय. मत हाय म्हणून त्यानं सांगितलं तरी होतं. ते खरं करून मी लिवलं. शुद्धीत लिवलं.

आण्णांच्या सुनेनं हे मला मागनं सांगितलं. सहज सांगितलं, तिला काय ठाऊक? मला विचारून आण्णा घरी गेले त्या संध्याकाळी त्यांनी धार काढली. तीन वर्षांची नात रोजच्यासारखी पेला घेऊन उभी होती. आण्णांनी सगळं दूध तिच्यासमोर गटारात ओतलं. पोरगी रडायला लागली, सून भांडायला लागली — आपल्याच म्हशीचं दूध, आजवर कुणाला काय झालं?

आण्णा तिला म्हणाले, "पेंटर माझ्याशी खोटं बोलायचा न्हाय."