कोहमाऱ्याच्या चौकात सुटलेला हात

ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, अशा माणसांना डॉक्टर, शिक्षक, सरकारी मदत जोडून देणं हे माझं काम. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हणून मी घराबाहेर पडते. पण खरं सांगते, त्यातला 'शरण' हा शब्द त्या दिवसापर्यंत नुसता तोंडपाठ होता.

केशोरीचा विलास त्यांतलाच; तो माणसं हातानं ओळखतो. प्रत्येकाची एक खूण त्यानं ठरवलेली. माझी खूण म्हणजे मनगटातलं जाड कडं; ते चाचपलं की तो हसतो आणि निर्धास्त चालू लागतो. त्या दिवशी काठी घेऊन चालायला शिकवण्यासाठी आम्ही त्याला गोंदियाला नेत होतो. कोहमाऱ्याला बस बदलताना त्याच्या आईनं त्याचा हात माझ्या हातात दिला आणि ती पाणी आणायला गेली. मनगट सुजलं म्हणून मी सकाळीच कडं काढून ठेवलं होतं, आणि त्याचा अर्थ माझ्या डोक्यातच आला नाही! विलासनं मनगट चाचपलं, पुन्हा चाचपलं. कुणी परकी बाई आपल्याला ओढून नेते आहे, असंच त्याला वाटलं असणार. हिसका देऊन तो सुटला आणि थेट हायवेवर गेला.

मी किंचाळले. त्याला ऐकू कुठे येतं? पाय जागचे हलेनात. ट्रकचा हॉर्न वाजत होता आणि माझ्या तोंडून वंदना आपोआप निघत होती.

ढाब्यावरची एक बाई पिठाच्या हातांनी धावली. तिनं त्याचा दंड धरला. त्यानं धडपडत तिचं मनगट पकडलं, तर तिथं कडं होतं, माझ्यासारखंच जाड. तो थांबला आणि मुकाट्यानं तिच्याबरोबर कडेला आला. ट्रक निघून गेला.

"काऊन सोडलं जी त्याले? मरून जाते ना तो!" ती माझ्यावर खेकसली.

त्याची आई धापा टाकत आली. "कडं कुठं हाये बाई? तो तुमाले त्याच्यानंच वळखते!"

मी उघडं मनगट पुढे केलं. त्या ढाब्यावरच्या बाईनंच त्याचा हात माझ्या हातात ठेवला. सुजलेल्या मनगटावरून त्याची बोटं माझ्या चष्म्यापर्यंत आली, ओल्या गालावर थांबली. त्यानं ओळखलं, आणि हात घट्ट धरला.

तिच्या हातात तसंच कडं कसं, हे मी कुणाला विचारत बसत नाही. नुसते हात जोडते. जीव घाबरलेला असताना सापडलेल्या हातावर विलासनं सगळा भार टाकला; शरण जाणं ते हेच असावं.

कडं पुन्हा मनगटात आहे. विलास मात्र आता ते चाचपत नाही. मला बोलवायचं असलं की तो स्वतःच्या गालावरून एक बोट हळूच खाली ओढतो.