पदरात बांधलेलं प्रभुभोजन

आमच्या मंडळीत प्रभुभोजन महिन्यातून एकदा होतं. ज्याला ते घ्यायचंय त्याने आदल्या संध्याकाळी पाळकांकडे जाऊन तसं सांगायचं, ही इथली जुनी रीत. पाळक विश्वासाबद्दल एखादा प्रश्न विचारतात, डोक्यावर हात ठेवून क्षमेचं वचन देतात, आणि माणूस घरी जाऊन स्वयंपाकाला लागतो. मिशनचा दवाखाना बंद पडला, वसतिगृहाला कुलूप लागलं, मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात आम्ही लुथरन ख्रिस्ती म्हणून मोजकीच घरं उरलो. रीत उरली.

माझ्या सासूबाईंनी ती कधी चुकवली नाही. त्या राजेगावकडच्या शेतकरी घरातल्या, लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आलेल्या. आता त्यांना मुलाचं नाव आठवत नाही. मला त्या दवाखान्यातली नर्स समजतात. पण चर्चची घंटा वाजली की पांढरं लुगडं मागतात, आणि वेळेत मिळालं नाही तर मला रागावतात.

दिवाळीच्या आधीच्या प्रभुभोजनात त्यांनी हातावर ठेवलेली पवित्र भाकरीची पातळ पापडी खाल्ली नाही, पदराला बांधली. लहानपणी गावच्या देवळातून प्रसाद असाच घरी न्यायच्या. बाकी सगळं पुसलं गेलं तरी ही सवय राहिली होती. बाहेर अंगणात गाठ सोडून त्यांनी ती मास्तरांसमोर धरली. मास्तर म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचांतले सर्वांत वडील, निवृत्त शिक्षक.

"घे बाबू, खाय."

मास्तरांचा चेहरा उतरला. दोन्ही हातांत धरून त्यांनी ती पाळकांकडे नेली.

पंचांच्या बैठकीत विषय निघणार हे मला ठाऊक होतं. मीही पंच आहे.

"स्वतःले तपासल्याबिगर प्रभूच्या मेजाजवळ येता येत नाही," मास्तर म्हणाले. "आजीले तपासणं समजते का? उद्या कोंबड्याईले टाकन."

"मागच्या महिन्यात तुमच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. त्यानं कोनतं उत्तर दिलतं?" मी विचारलं.

"तो रडून राह्यलता."

"मग?"

"बाई, बाप्तिस्म्याची गोष्ट अलग हाय."

"अन् दोन्ही देनारा? तोही अलग हाय का?"

कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत, मीही नाही. ती भाकर म्हणजे नुसती आठवण नव्हे, प्रभूचं शरीर आहे, असं आम्ही मानतो. मास्तरांना त्याची विटंबना होण्याची भीती होती, ती खरी होती. आणि कृपा कमवावी लागत नाही, तारण फुकट मिळतं, हेही आम्हीच मानतो. ते तर मास्तरांनीच मला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. म्हातारपणी त्या बाईला बाकावर एकटं बसवून बाकीच्यांनी जेवायला जायचं असेल, तर त्या शिकवणीचं काय करायचं, एवढंच मला विचारायचं होतं.

आमचे पाळक तरुण, बिरसा तालुक्याकडचे, हिंदी बोलणारे. ते म्हणाले, "दीदी, मास्तरजी की बात भी गलत नहीं है. मैं घर आकर देखता हूँ."

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ते आले. मास्तरही आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना काम हवं म्हणून मी रोज तेच तांदूळ त्यांच्यापुढे ठेवते.

"आजी, तुमच्यासाठी कोन मेलं?" पाळकांनी त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं.

"नाई मालूम."

"कल मेज पर क्या मिलेगा?"

त्यांनी ताटाकडे पाहिलं. "चिन्नोर हाय," त्या म्हणाल्या. तांदळाची जात त्यांनी बरोबर सांगितली होती.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. जिंकल्यासारखं नाही, थकल्यासारखं. मला वाटलं, संपलं. पाळकांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं, ते उठले आणि सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून क्षमेचं वचन पूर्ण म्हटलं. सासूबाईंनी मान वाकवली. बोटं तांदळातच होती.

"इनसे जवाब नहीं बनेगा, मास्तरजी," पाळक म्हणाले. "वचन प्रभु का है, जवाब पर नहीं टिका."

मास्तरांनी सासूबाईंच्या पदराकडे पाहिलं. मग म्हणाले, "अन् पदर?"

"पदर माह्याकडे सोडा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेदीपुढच्या कठड्याशी मी त्यांना गुडघ्यांवर टेकवलं आणि पदर मुठीत घट्ट धरला. आमच्याकडे पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मास्तर उठले, मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि सासूबाईंच्या पलीकडे टेकले. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

पाळकांनी पापडी हातावर न देता जिभेवर ठेवली. सासूबाईंनी तोंड मिटलं आणि तशाच राहिल्या. पाळक प्याला घेऊन थांबले. गाणंही थांबलं.

"चावा, आजी," मास्तर हळूच म्हणाले.

त्यांनी चावली, गिळली.

"मीठ नाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"हौ, नाई," मास्तर म्हणाले.

मग प्याला आला. तोही घेतला. उठताना त्यांनी एक हात मास्तरांच्या खांद्यावर ठेवला आणि सगळा भार टाकला. मास्तरांचे गुडघे दुखतात. ते हलले नाहीत.

घरी आल्यावर मी पदर झटकून पाहिला. काही नव्हतं. मग भात टाकला.