वरच्या तीन ओळींची द्राक्षं

जगातल्या मातीचे दोनच प्रकार आहेत. एक, आमच्या समोरच्या भाऊजींनी चाखलेली. आणि दुसरी, ते अजून जिथे पोचले नाहीत तिथली. मुलांनो, हे मी गमतीनं लिहीत नाही. तुमच्या आजोबांचे हे मित्र नागपुरात रामदासपेठेत आमच्या घरासमोर तीस वर्षं राहिले. नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीतून रीतसर निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. पण रस्त्यात कुठे पाइपासाठी खड्डा खणलेला दिसला आणि ते न वाकता पुढे गेले, असं मी एकदाही पाहिलं नाही. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, बाजूला थुंकायची आणि खिशातल्या वहीत टिपून घ्यायचं. बैठकीच्या खोलीत लोक पितळेचे गणपती ठेवतात तिथे त्यांच्याकडे कॉफीच्या रिकाम्या बरण्यांतून माती ठेवलेली असे, आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: गाव कुठलं, उताराची बाजू कोणती, वारा कुठून येतो. त्यांच्या पत्नीला मी ताई म्हणते. ताई भर पाहुण्यांत विचारायच्या, "माती काहून चाखून राहिले? घरातलं मीठ संपलं का?"

इतवारीत धान्य घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. तुरीची डाळ ते कच्चीच चावत आणि दुकानदाराला सांगत, "ही नदीकाठची आहे. मले बरडावरची पाहिजे, खडकाळ रानातली." शेवटी तो दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हाला डाळ देऊ का तिची कुंडली?" भाऊजी एरवी आमच्यासारखीच पुस्तकी मराठी बोलत. मातीचा विषय निघाला की मात्र कचेरीतली भाषा गळून पडे आणि काटोलकडचं त्यांचं गाव तोंडात येई. "फळ म्हणजे त्या जागेची बोली असते, वहिनी," असं ते म्हणत. "शाळेत शिकवून नाही येत ते."

माझ्या जिभेवर त्यांचा विश्वास बसला तो एका संत्र्यामुळे. एका रविवारी त्यांनी माझाच नॅपकिन माझ्या डोळ्यांवर बांधून सात झाडांच्या सात फोडी मला खायला दिल्या. सगळ्या संत्र्यासारख्याच लागल्या. पाचवी खाताना मात्र मी सहज म्हटलं, "हिला लहानपणी पाटीवरची पेन्सिल खाल्ल्यासारखी चव आहे." भाऊजी खुर्चीतून उडालेच. "ते झाड मुरमाडीत आहे! तिथं खाली दगड आहे!" तेव्हापासून मी त्यांची परीक्षक झाले. मी कॉन्व्हेंटमध्ये पेन्सिली खाल्ल्या होत्या एवढंच माझं शिक्षण, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी सातपुड्याच्या अंगाला, गाडीनं तीन तासांवर, एक टेकडीची उतरण घेतली आणि तिच्यावर द्राक्षं लावली. नागपूरच्या माणसानं संत्री सोडून द्राक्षं! तुमच्या आजोबांनी विचारलं, "अहो, तिथं गवत तरी नीट उगवतं का?" भाऊजी खुश झाले. "तेच तर! वीतभर मुरूम अन् खाली काळा दगड. मुळाले भेगा शोधत खाली जावं लागते. दिवसा ऊन, रात्री गारवा, वरून पश्चिमेचा वारा. खाऊन-पिऊन सुस्त वेल पाणचट फळ देते. ही मेहनतीची वेल आहे." पहिल्या दोन वर्षांत काही येऊ द्यायचं नाही, आलेला घड खुडून टाकायचा. "लहान आहेत अजून. घरची बोली बोलाले वेळ लागतो," असं ते वेलींबद्दल सांगत, नातवंडांबद्दल बोलावं तसं.

तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका दुपारी त्यांचा ड्रायव्हर पुठ्ठ्याचं खोकं देऊन गेला. आत लहान लहान काळसर द्राक्षं होती, सालीवर धूळ असल्यासारखी पांढरट झाक, आणि वर चिठ्ठी: "वहिनी, वरच्या तीन ओळींतली. धुऊ नका. साखर नको. सावकाश खा आणि कळवा."

आता तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. न धुतलेलं फळ आमच्या घरात उंबरठा ओलांडत नाही. मी चिठ्ठी वाचून हसले आणि द्राक्षं अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवली. मग पुसून एक खाल्लं. दात आंबले. तुमच्या आजोबांनी अर्धं खाऊन उरलेलं बशीत ठेवलं. टाकवेना, म्हणून मी त्याच दुपारी बरोबरीनं साखर घालून त्यांचा जॅम केला, पाच बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: द्राक्ष जॅम, फेब्रुवारी.

संध्याकाळी फोन आला. मी म्हटलं, "आंबट होती हो, भाऊजी."

"आंबट तर राहीनच. पण कसलं आंबट, ते सांगा मले."

मी म्हटलं, "जॅम मात्र फार छान झालाय."

ते म्हणाले, "असं का? मग ठीक आहे." पुस्तकी मराठीत.

ती टेकडी विकावी म्हणून मुलगा मागे लागला होता आणि ताईही थकल्या होत्या, हे मला पुढे ताईंकडूनच कळलं. भाऊजींनी घरात सांगितलं होतं, "वहिनीनं द्राक्षात डोंगर ओळखला तर बाग राहीन. नाही तर तुमचं खरं." मला आधी सांगायचं नाही, असंही बजावलं होतं, सांगितलं तर मी त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलेन म्हणून. त्या पावसाळ्याआधी टेकडी गेली. नव्या मालकानं वेली उपटून तूर पेरली. बरण्या इथल्या बागेत रिकाम्या करून भाऊजी आणि ताई मुलाकडे पुण्याला गेले, अकराव्या मजल्यावर.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना जॅमची शेवटची बाटली मागे सापडली. चमचाभर तोंडात घेतला. आधी नुसती साखर. मग साखर विरली आणि तिच्याखालून ते आंबट वर आलं. या वेळी मी घाई केली नाही. डोळे मिटून बसले. मग पुण्याला फोन लावला.

"भाऊजी, तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडलं की येतो ना, तसा वास आहे त्याला. आणि शेवटी जिभेला लोखंड लागतं."

भाऊजी म्हणाले, "मग त्या वरच्या तीन ओळीच. खालच्या ओळींत तो दगड नाही, वहिनी. पुढच्या वर्षी आणखी उतरते पाहा ते फळात."

तिथल्या तुरीचं मी काही काढलं नाही. म्हटलं, "हो. अजून लहान आहेत वेली."

फोन ठेवल्यावर बाटलीवरची माझी चिठ्ठी भिजवून काढली आणि दुसरी लावली: टेकडीची पश्चिम उतरण, वरच्या तीन ओळी. एक चमचा सोडला तर बाटली भरलेली आहे. तुम्ही याल तोवर मी ती पुन्हा उघडणार नाही.